राष्ट्रीय उद्यानाचे प्रवेश शुल्क कसे ठरवावे: हे काम पहिल्यांदाच वाट्याला आलेल्यांसाठी

शुल्क समितीत माझे नाव पहिल्यांदा घातले गेले, तेव्हा पहिली बैठक अडीच तास चालली आणि त्यातले सव्वादोन तास दर किती करावा या एकाच प्रश्नावर गेले. कोणी शेजारच्या उद्यानाचा दर पुढे केला, कोणी महागाईचा हिशेब मांडला, आणि एका सदस्याने तर आकड्याच्या शेवटी दोन शून्ये असावीत म्हणजे सुट्ट्या पैशांचा घोळ होणार नाही, असा आग्रह धरला. (त्या बैठकीतला सर्वांत उपयुक्त मुद्दा हाच होता, हे मला पुढे कळले.) बैठक उठता उठता लेखाशाखेतल्या एका ज्येष्ठ कर्मचाऱ्याने विचारले, “हा वाढीव पैसा आपल्याकडे राहणार आहे का?” उत्तर कोणाकडेच नव्हते. चौकशीअंती समजले की फाटकावर जमणारी सगळी रक्कम सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत जाते आणि उद्यानाचे अनुदान त्या रकमेकडे न पाहताच ठरते. दर दुप्पट केला असता तरी गस्तीला एक जादा माणूस मिळाला नसता.

तेव्हापासून मी या कामाचा क्रम उलटा लावतो. पैशाची वाट आधी, मग खर्च, मग येणारी माणसे, आणि आकडा त्यानंतर. तुम्ही वनखात्यातले नवे अधिकारी असा, एखाद्या संस्थेकडून समितीवर आलेले असा किंवा उद्यानालगतच्या गावाचे प्रतिनिधी असा, खालील पायऱ्या याच क्रमाने घेतल्यास बराच मनस्ताप वाचेल.

कामाला बसण्यापूर्वी जवळ काय हवे

- उद्यान ज्या कायद्याखाली स्थापन झाले तो कायदा, त्याखालचे नियम आणि शुल्काविषयीचे आजवरचे सर्व आदेश व अधिसूचना.
- जमीन उद्यानाकडे आली त्या वेळचे करार व हस्तांतराची कागदपत्रे.
- चालू व्यवस्थापन आराखडा.
- मागील पाच वर्षांचा बाबवार खर्च आणि मिळालेले अनुदान.
- मागील पाच वर्षांची प्रवेशाची आकडेवारी, महिन्यानुसार, फाटकानुसार आणि तिकिटाच्या प्रकारानुसार.
- मोफत प्रवेशाची नोंदवही. ती नसेल तर आजच सुरू करा.

दुसरी बाब अनेकांना अनावश्यक वाटते. अमेरिकेतील ग्रेट स्मोकी माउंटन्स उद्यानात आजही प्रवेश शुल्क नाही. टेनेसी राज्याने १९५१ मध्ये उद्यानातून जाणारा मुख्य रस्ता केंद्र सरकारकडे सोपवताना त्यावर कधीही पथकर लावू नये अशी अट दस्तात घातली होती, हे त्यामागचे एक मोठे कारण आहे. अखेर त्या उद्यानाने मार्च २०२३ पासून पंधरा मिनिटांहून अधिक काळ थांबणाऱ्या वाहनांसाठी सशुल्क पार्किंग चिठ्ठी सुरू केली आणि त्यातून येणारा सगळा पैसा उद्यानातच राहील अशी व्यवस्था केली. जुना कागद आधी वाचला तर अशी दुसरी वाट वेळेत सुचते. शेवटी वाचला तर सगळा प्रस्ताव परत येतो.

१. पैसा कोणाच्या खात्यात जाणार, हे लेखी मिळवा

येथे साधारण तीन पद्धती आढळतात. पहिलीत सगळी रक्कम सरकारी तिजोरीत जाते. दुसरीत ती उद्यानाकडे किंवा उद्यानासाठी स्थापन केलेल्या प्रतिष्ठानाकडे राहते. तिसरीत तिची विभागणी होते. अमेरिकेत २००४ च्या कायद्यानुसार शुल्काचा साधारण ८० टक्के भाग जेथे जमा झाला त्याच ठिकाणी राहतो आणि उरलेला शुल्क नसलेल्या किंवा गरजू ठिकाणांसाठी वापरता येतो. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्यात २००६ मध्ये झालेल्या दुरुस्तीने व्याघ्र प्रकल्पांसाठी स्वतंत्र व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानाची तरतूद आली, त्यामुळे पर्यटनातून येणारी रक्कम त्या प्रकल्पासाठी वापरण्याचा मार्ग खुला झाला.

तुमच्याकडे पहिली पद्धत असेल तर दराची चर्चा तात्पुरती बाजूला ठेवा आणि रक्कम राखून ठेवण्याचा प्रस्ताव आधी पाठवा. त्याला वर्ष-दीड वर्ष लागू शकते, तरीही तोवर थांबण्यात शहाणपण आहे, कारण “तुमचा पैसा जंगलासाठी” असा फलक लावून गोळा केलेली रक्कम जंगलाकडे आलीच नाही, तर पुढच्या वाढीच्या वेळी तोच फलक लोक तुमच्या तोंडावर मारतात.

रक्कम उद्यानाकडे राहते असे समजल्यावरही निर्धास्त होऊ नका. शुल्काचे उत्पन्न वाढले की वरून येणारे अनुदान हळूच तेवढेच कमी होते, असा अनुभव अनेक ठिकाणी येतो. कागदोपत्री उद्यान स्वावलंबी दिसते आणि प्रत्यक्षात हातात एक पैसाही जास्त उरत नाही. म्हणून शुल्काची रक्कम अनुदानाच्या व्यतिरिक्त समजली जाईल, हे वाक्य आदेशात शब्दशः असू द्या, आणि दोन्ही आकडे एकाच तक्त्यात शेजारी शेजारी दरवर्षी मांडा. तक्ता समोर असला की कपात लपत नाही.

याच पायरीवर लगतच्या गावांचा हिस्साही ठरवून टाका. रानडुकरांनी उभे पीक लोळवलेल्या माणसाला पर्यटकांच्या गाड्या धूळ उडवत जाताना रोज दिसतात, आणि त्या गाड्यांचा पैसा कुठे जातो हा प्रश्न तो विचारणारच. नेपाळमध्ये १९९३ च्या कायदेदुरुस्तीने उद्यानाच्या उत्पन्नातील ३० ते ५० टक्के रक्कम उद्यानाभोवतीच्या बफर क्षेत्रातील लोकांच्या विकासासाठी देण्याची तरतूद झाली. युगांडात प्रवेश शुल्काच्या २० टक्के रक्कम लगतच्या समाजाला जाते, तर रवांडाने २०१७ मध्ये उद्यानांच्या उत्पन्नातील हा हिस्सा ५ वरून १० टक्क्यांवर नेला. या आकड्यांची थेट तुलना करू नका. हिस्सा फक्त फाटकावरच्या प्रवेश शुल्कावर आहे की परवाने, निवास आणि वाहने धरून एकूण उत्पन्नावर आहे, यावर सगळे अवलंबून असते. ज्या उद्यानाची खरी कमाई विशेष परवान्यांतून होते, तेथे प्रवेश शुल्काचा पाचवा भाग ही फार लहान रक्कम असू शकते. गावकऱ्यांशी बोलताना टक्का सांगण्याऐवजी मागील वर्षाच्या हिशेबाने येणारी रक्कम सांगा. निम्मे गैरसमज तेथेच मिटतात.

२. शुल्क कशासाठी, हे एका वाक्यात लिहा

उत्पन्न मिळवणे, गर्दी आवरणे आणि पर्यटकांमुळे होणारा खर्च पर्यटकांकडून वसूल करणे, हे तीन वेगळे हेतू आहेत आणि प्रत्येकाचा दर वेगळा निघतो. उत्पन्न हवे असेल तर माणसे येत राहिली पाहिजेत. गर्दी आवरायची असेल तर काहींनी न आलेलेच बरे. दोन्ही एकाच दरातून साधण्याचा प्रयत्न करणारे प्रस्ताव मी पाहिले आहेत, आणि त्यांत एका पानावर पर्यटक घटतील अशी आशा असते तर पुढच्या पानावर उत्पन्न वाढेल असा अंदाज असतो.

गर्दीसाठी शुल्कावर विसंबू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. दुरून आलेला माणूस फाटकावर वाढीव दर पाहून परत फिरत नाही. तो चडफडत पैसे भरतो आणि आत जातो. गर्दीला मर्यादा घालायची तर संख्येलाच घालावी लागते. रवांडाच्या व्होल्केनोज उद्यानात गोरिलांच्या एका कुटुंबाजवळ दिवसाला जास्तीत जास्त आठ पर्यटक आणि तेही एक तासच जाऊ शकतात. आधी ही मर्यादा आहे, दर त्यानंतर येतो.

३. संवर्धनाचा खर्च खरा मांडा

मागील वर्षाचा खर्च म्हणजे गरज नव्हे, ती केवळ मिळालेल्या पैशांची नोंद असते. गस्तीची पथके किती हवीत, जाळरेषा (वणवा पसरू नये म्हणून मोकळे ठेवलेले पट्टे) किती किलोमीटर आणि वर्षातून किती वेळा साफ करायच्या, कोणते पाणवठे दुरुस्तीला आले आहेत, परकीय तणे किती हेक्टरवर काढायची आहेत, पीकनुकसानीची भरपाई किती थकली आहे, हे व्यवस्थापन आराखड्यातून घ्या आणि क्षेत्रीय कर्मचाऱ्यांकडून तपासून घ्या. त्यातून पर्यटकांमुळेच होणारा खर्च वेगळा काढा: रस्त्यांची डागडुजी, स्वच्छतागृहे, कचरा, फाटकावरचे मनुष्यबळ.

हे वेगळे करण्याचे कारण असे की या दुसऱ्या गटाचा खर्च तरी शुल्कातून निघालाच पाहिजे. तो निघत नसेल तर गस्तीचा पैसा पर्यटकांच्या सोयीवर खर्च होत आहे, असा त्याचा अर्थ होतो. पहिल्या गटाचा सगळा भार मात्र शुल्कावर टाकू नका. २०२० मध्ये महासाथीमुळे फाटके बंद झाली, तेव्हा पर्यटनावरच उभ्या असलेल्या संरक्षित क्षेत्रांत पगार आणि गस्त दोन्ही अडचणीत आली. शिकारी टोळ्या पर्यटकांबरोबर सुट्टीवर जात नाहीत. म्हणून कायम कर्मचाऱ्यांचे वेतन अनुदानावर ठेवावे आणि शुल्कातून पुढे-मागे करता येण्यासारखी कामे करावीत. शिवाय काही हिस्सा राखीव निधीत टाकावा.

४. फाटकावर दोन दिवस उभे राहा

आकडेवारी कार्यालयात मिळते, पण ती कशी तयार होते हे फाटकावरच कळते. मी हंगामातल्या एका शनिवारी आणि आडदिवशीच्या एका मंगळवारी पहाटे साडेपाचपासून खिडकीशेजारी स्टूल टाकून बसलो. शनिवारी एका गाडीचा व्यवहार पूर्ण व्हायला सरासरी सहा मिनिटे लागत होती. त्यांतली दोन मिनिटे ओळखपत्रे पाहण्यात, एक सुटे पैसे शोधण्यात आणि उरलेली जवळपास सगळी कॅमेऱ्यावरून वाद घालण्यात जात होती. कॅमेऱ्याला वेगळे शुल्क होते, मोबाइलला नव्हते. आणि एका गृहस्थांचे म्हणणे असे की त्यांचा मोबाइल त्या कॅमेऱ्यापेक्षा महाग असून फोटोही चांगले काढतो, तेव्हा नेमके कशाचे पैसे घेता? खिडकीतल्या मुलाकडे याला उत्तर नव्हते आणि माझ्याकडेही नव्हते. मागे चौदा गाड्यांची इंजिने सुरू होती. पुढच्या प्रस्तावात आम्ही साध्या कॅमेऱ्याचे शुल्क काढून प्रवेश शुल्कातच मिळवले.

त्याच दोन दिवसांत मोजलेली माणसे आणि फाडलेली तिकिटे जुळत नाहीत, हेही दिसले. फरक बहुतांशी मोफत प्रवेशाचा होता: अधिकाऱ्यांचे पाहुणे, गाडीत मागे बसलेली मुले, “आत फक्त पाच मिनिटांचे काम आहे” म्हणणारे. अंदाज बांधताना एकूण येणारी माणसे धरू नका, पैसे देणारी धरा. हा फरक विसरलेला प्रस्ताव पहिल्याच वर्षी तोंडघशी पडतो.

५. आकडा

सुरुवात साध्या गणिताने करा. दर १०० आहे आणि वर्षाला पैसे देणारे ३०,००० लोक येतात असे समजा. उत्पन्न ३० लाख. दर १५० केला आणि माणसे २०,००० वर आली तरी उत्पन्न ३० लाखच राहते. म्हणजे जुन्या दराला नव्या दराने भागले की किमान किती टक्के माणसे टिकायला हवीत ते समजते. येथे सुमारे ६७ टक्के. गळती १० टक्केच झाली तर २७,००० लोकांकडून ४० लाख ५० हजार मिळतील. हा तक्ता चार-पाच संभाव्य दरांसाठी आणि तीन-चार संभाव्य गळतींसाठी करून समितीपुढे ठेवा. चर्चा ताबडतोब जमिनीवर येते.

मात्र या तक्त्यात न दिसणारी एक गोष्ट आहे. माणसे एक तृतीयांश घटली आणि उद्यानाचे उत्पन्न तेवढेच राहिले, तर उद्यानाचे काही बिघडत नाही, पण गाईड, गाडीचालक आणि निवासाची सोय करणाऱ्यांचा एक तृतीयांश धंदा बसतो. गावांना हिस्सा द्यायचा आणि त्यांचाच रोजगार घालवायचा, असे होऊ नये म्हणून तक्त्यात त्यांचाही एक स्तंभ ठेवा.

गळती किती होईल याचा अंदाज तीन मार्गांनी येतो. पहिला मार्ग जुन्या वाढींचा: मागे दर वाढला तेव्हा पुढचे सहा महिने काय झाले, हे त्याच महिन्यांच्या आधीच्या वर्षाशी ताडून पाहा. दुसरा मार्ग सहलीच्या एकूण खर्चाचा. पर्यटकाच्या शंभर भाग खर्चात तुमचे शुल्क दोन भाग असेल, तर ते तीन झाल्याने फारसा फरक पडत नाही. पण सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्या जवळच्या कुटुंबासाठी तेच शुल्क सहलीचा निम्मा खर्च असू शकते. दरवाढीने सगळ्यात आधी हीच माणसे तुटतात, आणि उद्यानाच्या बाजूने आवाज उठवायची वेळ आली की हीच माणसे लागतात.

तिसरा मार्ग पर्यटकांना विचारण्याचा. कॅरिबियनमधील बोनेअर बेटाचे सागरी उद्यान १९७९ मध्ये सुरू झाले, पण पुढे पैशाअभावी जवळजवळ ठप्प झाले. ते पुन्हा उभे करताना १९९२ पासून प्रत्येक पाणबुड्या पर्यटकाकडून वर्षाला १० डॉलर घेणे सुरू झाले. त्या सुमारास पर्यटकांना विचारले असता बहुतेकांची तेवढी रक्कम देण्याची तयारी होती, आणि अनेक जण त्याहून जास्त द्यायलाही राजी होते. शुल्क भरल्याचा बिल्ला पाणबुड्या आपल्या साहित्याला अडकवत असे, त्यामुळे कोणी भरले आणि कोणी नाही हे पाण्याखालीही दिसे. पुढे २००५ मध्ये दर २५ डॉलर झाला.

अशी पाहणी करताना “तुम्ही किती द्याल?” असे मोघम विचारू नका. माणूस एक तर औदार्य दाखवतो किंवा घासाघीस करतो. चार-पाच वेगवेगळे दर चिठ्ठ्यांवर लिहा, प्रत्येकाला एकच चिठ्ठी दाखवा आणि विचारा, “हा दर असता तर तुम्ही आज आला असता का?” पैसा कशावर खर्च होणार तेही त्याच चिठ्ठीवर एका ओळीत लिहा. वाघ पाहून बाहेर पडलेल्या माणसाला विचाराल तर तो काहीही द्यायला तयार असतो, म्हणून प्रश्न आत जाताना विचारावा. जे आलेच नाहीत त्यांची मते मात्र फाटकावर कधीच मिळत नाहीत. त्यासाठी जवळच्या शाळा, महाविद्यालये आणि निसर्गमंडळांकडे जावे लागते.

आता दोन सापळे. पहिला, शेजारच्या उद्यानाचा दर उचलणे. त्या दरात वाहन किंवा गाईड धरला आहे का, तेथला पैसा तेथेच राहतो का, हे न पाहता केलेली तुलना निरर्थक असते. दुसरा, नावाजलेल्या उदाहरणाची नक्कल. रवांडाने २०१७ मध्ये गोरिला परवाना ७५० वरून १,५०० डॉलरवर नेला, हे प्रत्येक सादरीकरणात येते. पर्वतीय गोरिला जगात तीनच देशांत आहेत आणि दिवसाचे परवाने मोजके आहेत. हरणे आणि पक्षी पाहायला लोक जेथे येतात, आणि तशीच हरणे तासाभराच्या अंतरावर विनाशुल्क दिसतात, तेथे हे गणित लागू पडत नाही. उलट बाजूचे उदाहरण कोस्टारिकाचे आहे. तेथे १९९४ मध्ये परदेशी पर्यटकांचा दर सुमारे सव्वा डॉलरवरून एकदम १५ डॉलर झाला. पर्यटन व्यावसायिकांचा विरोध आणि घटलेली संख्या पाहून १९९६ मध्ये तो ६ डॉलरवर आणावा लागला. मला येथे लक्षणीय वाटते ते हे की शेवटचा दरही मूळ दराच्या जवळपास पाचपट होता. टप्प्याटप्प्याने गेले असते तर कदाचित तेथेच, पण गाजावाजा न होता पोहोचले असते.

६. वेगवेगळे दर कोणाला

देशातील नागरिक आणि परदेशी पर्यटक यांच्यात फरक करणे बहुतेक ठिकाणी रुळले आहे, आणि त्याचे समर्थनही सोपे आहे: नागरिक करातून आधीच काही भार उचलतो. दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत नागरिक, शेजारच्या प्रादेशिक गटातील देशांचे रहिवासी आणि इतर परदेशी अशा तीन पायऱ्या आहेत. गालापागोसमध्ये १९९८ पासून परदेशी प्रौढांसाठी १०० डॉलर दर होता, तो ऑगस्ट २०२४ पासून २०० झाला, आणि एक्वाडोरच्या नागरिकांसाठी तो ३० डॉलर आहे.

पायऱ्या मात्र चारपेक्षा जास्त नकोत. प्रत्येक सवलत म्हणजे फाटकावर तपासायचे एक ओळखपत्र आणि एक संभाव्य वाद. ज्यांच्या नित्याच्या वाटा, देवस्थाने किंवा स्मशाने उद्यानाच्या हद्दीत आहेत, त्यांना पर्यटक समजून तिकीट लावू नका. त्यांचा प्रवेश हा सवलतीचा विषयच नव्हे, तो आदेशात स्वतंत्र परिच्छेदाने नमूद करावा. शालेय सहलींसाठी आडदिवशी नाममात्र दर ठेवला तर रिकाम्या दिवसांचाही उपयोग होतो.

७. वसुलीची व्यवस्था

वसुलीवरचा खर्च आधी वजा करा. जेथे दिवसाला दहा-बारा माणसे येतात, तेथे दोन पाळ्यांचे कर्मचारी बसवून तिकीट फाडण्यात तोटाच असतो. अमेरिकेच्या उद्यान सेवेकडील चारशेहून अधिक ठिकाणांपैकी प्रवेश शुल्क घेणारी ठिकाणे शंभराच्या आसपास आहेत. ब्रिटनच्या राष्ट्रीय उद्यानांत गावे, शेते आणि सार्वजनिक रस्ते आहेत, त्यामुळे तेथे प्रवेशाला पैसे नाहीत आणि उत्पन्न वाहनतळांसारख्या सोयींतून येते. तुमच्या उद्यानाला चहूबाजूंनी वाटा असतील तर फाटकाचा हट्ट सोडून हाच मार्ग पाहा.

तिकिटांना सलग क्रमांक हवेत, रोजची जमा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी बँकेत भरली गेली पाहिजे, आणि पैसे घेणारा व गाडी आत सोडणारा हे दोन वेगळे लोक हवेत. ऑनलाइन आरक्षणाने रोख हाताळणी कमी होते, पण रेंज गेल्यावर काय करायचे, याची लेखी सूचना आणि छापील पावतीपुस्तक खिडकीत असलेच पाहिजे. दर सुट्ट्या पैशांची गरज पडणार नाही असा ठेवा. माझ्या पहिल्या बैठकीतील त्या सदस्याचे म्हणणे येथे खरे ठरले.

८. जाहीर करण्याची वेळ आणि रीत

सहल आयोजक पुढच्या हंगामाचे दर वर्षभर आधी छापतात आणि पैसेही घेतात. अशा वेळी महिन्याच्या सूचनेवर दर वाढवला की वाढीव रक्कम त्यांच्या खिशातून जाते, आणि उद्यानाला कारण नसताना एक संघटित विरोधक मिळतो. किमान एक पूर्ण हंगाम आधी सांगा, आणि आधी झालेली आरक्षणे जुन्या दराने मान्य करा.

प्रस्तावावर हरकती मागवा आणि त्या खरोखर वाचा. अमेरिकेत २०१७ मध्ये १७ उद्यानांत गर्दीच्या हंगामात प्रत्येक वाहनाला ७० डॉलर घेण्याचा प्रस्ताव आला. त्यावर एक लाखाहून अधिक अभिप्राय आले, आणि शेवटी २०१८ मध्ये सर्वत्र साधारण ५ डॉलरची वाढ करून नामांकित उद्यानांचा दर ३५ डॉलर करण्यात आला. इंडोनेशियात कोमोडो उद्यानासाठी २०२२ मध्ये ३७ लाख ५० हजार रुपिया, म्हणजे आधीच्या कितीतरी पट दर जाहीर झाला, तेव्हा तेथील पर्यटन व्यावसायिकांनी काम बंद ठेवले आणि सरकारला तो निर्णय आधी लांबणीवर टाकावा लागला व नंतर सोडून द्यावा लागला. दोन्ही ठिकाणी संवर्धनाचे कारण खरे होते. झेप मोठी होती, आणि ज्यांचे पोट त्यावर होते त्यांना ती शेवटी कळली.

९. हिशेब आणि फेरविचार

मागील वर्षी किती जमले आणि कोणत्या पाच कामांवर गेले, एवढाच फलक फाटकावर लावा. “संवर्धनासाठी” हा शब्द त्यावर नको. “उत्तरेकडील दोन पाणवठ्यांची दुरुस्ती” असे लिहा, म्हणजे आत जाणारा माणूस तो पाणवठा पाहू शकतो आणि काम झाले नसेल तर परत येऊन विचारूही शकतो. विचारणारे लोक येतील, याची तयारी ठेवा.

फेरविचाराची तारीख आदेशातच घाला. दर तीन वर्षांनी महागाईनुसार थोडी वाढ आपोआप होईल अशी तरतूद असेल तर फारच उत्तम. दहा-पंधरा वर्षे दर गोठवून मग एकदम तिप्पट करण्याची वेळ त्यामुळे येत नाही. पहिल्या वर्षी दर महिन्याला अंदाज आणि प्रत्यक्ष यांतला फरक नोंदवा.

आणि ज्या गृहीतकांवर दर काढला ती सगळी, म्हणजे खर्चाचा तक्ता, गळतीचे अंदाज, पाहणीच्या चिठ्ठ्यांचा गोषवारा, हरकती आणि त्यांवरची उत्तरे, मूळ नस्तीलाच, म्हणजे कार्यालयीन फाइललाच, जोडून ठेवा. आमच्या आधीच्या समितीने तो जुना दर का निवडला होता, हे शोधण्यात माझे तीन आठवडे गेले. नस्तीत अखेर एकच कागद सापडला, त्यावर पेन्सिलीने लिहिलेला आकडा होता आणि त्याखाली दोन रेघा मारलेल्या होत्या.